झाडावर चढून काम करणाऱ्याने कोणता चेनसॉ घ्यावा?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूरच्या कसबा बावड्यात राहून आपण अनेक वर्षे कोयता, कुऱ्हाड आणि हातकरवत घेऊन नारळ उतरवण्याची आणि फांद्या छाटण्याची कामे करत आला आहात. आता वळवाच्या पावसात मोडलेली किंवा कललेली झाडे उतरवण्याची कामे अपार्टमेंट आणि बंगल्यांकडून येऊ लागल्यामुळे आपल्याला चेनसॉ, म्हणजे साखळीवर चालणारी यांत्रिक करवत, घ्यायचा आहे. ऑनलाइन स्वस्तात मिळणारे ५८ सीसीचे आणि २२ इंच बारचे (बार म्हणजे चेन जिच्याभोवती फिरते ती लांब पट्टी) यंत्र, दुकानदाराने दाखवलेले ३५ सीसीचे टॉप हँडल (मूठ वर असलेले) यंत्र आणि बॅटरीवर चालणारे यंत्र, या तिघांपैकी सगळ्या कामांना पुरेल असे एकच कोणते घ्यावे, असे आपण विचारले आहे.

सगळ्या कामांना पुरेल असे एकच यंत्र यांत नाही, आणि या तिघांबाहेरही नाही. झाडावर न्यायचे यंत्र वेगळे आणि जमिनीवर चालवायचे वेगळे असते. आपले काम मुख्यतः चढाईचे असल्यामुळे पहिली खरेदी वर नेता येईल अशा हलक्या यंत्राची करावी. जमिनीवरचे मोठे यंत्र सुरुवातीला भाड्याने किंवा ओळखीतून आणून काम निभावता येते, पण चढाईचे यंत्र स्वतःचे, हाताला बसलेले आणि स्वतः धार लावलेले असावे लागते. बहुतेक जण झाडाचा घेर पाहून यंत्र ठरवतात. मी मात्र कापणाऱ्याचे पाय कुठे आहेत ते आधी विचारतो. जमिनीवर उभा असलेला माणूस ओंडका हलला की दोन पावले मागे सरकू शकतो. वर बांधलेल्या माणसाला मागे सरकायला जागा नसते, कारण तो ज्या खोडाला कापत असतो त्याच खोडाला दोराने जखडलेला असतो. त्यामुळे यंत्राचे वजन, त्याचा तोल, त्याची चेन थांबायला लागणारा वेळ आणि बारची लांबी या चार गोष्टी वर असताना ताकदीपेक्षा जास्त मोलाच्या ठरतात.

या कसोटीवर ५८ सीसीचे यंत्र वर नेण्याच्या लायकीचे राहत नाही. बार, चेन, पेट्रोल आणि ऑइल भरून ते सात किलोच्या आसपास जाते. अमेरिकेतील कामगार-सुरक्षा नियमांनुसार ६.८ किलोपेक्षा जास्त वजनाचा चेनसॉ झाडावर वापरायचा असेल, तर त्याला वेगळ्या दोराने टांगून आधार द्यावा लागतो. म्हणजे आपण ज्या यंत्राचा विचार करत आहात ते त्या मर्यादेच्या काठावरच आहे. दुसरे असे की सीसीचा आकडा म्हणजे ताकद नव्हे. स्टील (Stihl) या कंपनीचे एमएस २६१ हे व्यावसायिक यंत्र ५०.२ सीसीचे असून ३ किलोवॅट ताकद देते, तर स्वस्त ५८ सीसी यंत्रांच्या पत्रकावर तेवढा आकडा क्वचितच दिसतो. तरीही त्यांना २२ इंचांचा बार लावलेला असतो, कारण लांब बार पाहून गिऱ्हाईक खूश होते. लांब बार आणि अपुरी ताकद एकत्र आली की माणूस यंत्र लाकडावर दाबू लागतो, क्लच तापतो आणि चेन लवकर बोथट होते. असे यंत्र घरी असेलच, तर १६ किंवा १८ इंचांचा बार लावून, चेनब्रेक (चेन तत्काळ थांबवणारा ब्रेक) नीट पकडतो याची खात्री करून, ते जमिनीवर पडलेले ओंडके तोडायला वापरावे.

आता टॉप हँडलकडे येतो. या यंत्राची मागची मूठ काढून ती इंजिनाच्या वर आणलेली असते, त्यामुळे वजन मुठीच्या खाली लोंबते, यंत्र आखूड होते आणि दाटीच्या फांद्यांत अंगाजवळ धरून चालवता येते. झाडावरील कामाच्या यंत्रांसाठी आयएसओ ११६८१ या आंतरराष्ट्रीय मानकाचा स्वतंत्र दुसरा भाग आहे. बार आणि चेन सोडून रिकाम्या यंत्राचे वजन ४.३ किलोपेक्षा जास्त नसावे, ही मर्यादा त्यात आहे, आणि ही यंत्रे प्रशिक्षित माणसानेच वापरावीत असेही त्यात गृहीत धरलेले आहे. या वर्गातील स्टीलचे एमएस २०१ टीसी-एम ३५.२ सीसीचे, १.८ किलोवॅटचे आणि ३.७ किलोचे आहे. हुस्कवार्ना कंपनीचे टी४३५ हेही ३५.२ सीसीचेच, पण १.५ किलोवॅटचे आणि ३.४ किलोचे आहे. एको कंपनीचे सीएस-२५११ हे २५ सीसीचे यंत्र तर २.३ किलोवर आले आहे आणि नुसत्या छाटणीसाठी ते फार सुखाचे आहे. दिवसभर वर राहायचे असेल तेव्हा एका किलोचा फरक दुपारनंतर खांद्याला कळतो, आणि थकलेला खांदा यंत्र चुकीच्या कोनात धरू लागतो.

परंतु ज्या रचनेमुळे हे यंत्र सोयीचे होते, त्याच रचनेमुळे ते धोक्याचेही होते. दोन्ही मुठी एकमेकींच्या जवळ असल्यामुळे उलटा झटका बसला तर तो रोखायला हाताला पुरेशी तरफ मिळत नाही. बारच्या टोकाचा वरचा पाव भाग लाकडाला टेकला की यंत्र वर आणि मागे, म्हणजे थेट कापणाऱ्याच्या तोंडाकडे आणि मानेकडे उसळते. डोळ्याची पापणी लवायच्या आत हे घडते. शिवाय हे यंत्र एका हाताने उचलता येते, म्हणून लोक ते एका हाताने चालवतात, आणि दुसऱ्या हाताने तीच फांदी धरून ठेवतात. फांदी सुटल्यावर चेन पुढे सरकते ती त्या डाव्या हातावर. उजवा हात वरच्या मुठीवर आणि डावा हात पुढच्या मुठीवर, अंगठा मुठीखालून वळवलेला, ही पकड सुटत असेल तर यंत्राची चूक नसून उभे राहण्याची जागा चुकलेली असते. अशा वेळी कमरेचा पट्टा आणि दोर पुन्हा बांधून जागा बदलावी, यंत्र ताणून नेऊ नये.

म्हणून माझे मत थोडे जुन्या वळणाचे आहे. ज्याने आजवर चेनसॉ हाताळलेला नाही, त्याने टॉप हँडलने सुरुवात करू नये. आधी ३० ते ३५ सीसीचा, मागे मूठ असलेला साधा चेनसॉ जमिनीवर निदान एक हंगाम चालवावा. मागच्या मुठीच्या यंत्राला दोन्ही हात लागतातच, त्यामुळे हाताला चांगली सवय लागते. जिथे नीट टेकून उभे राहता येते, उदाहरणार्थ फांद्या उतरवल्यानंतर उरलेला उघडा सोट तोडताना, तिथे वरसुद्धा मागच्या मुठीचे यंत्रच अधिक सुरक्षित असते. दुकानदार टॉप हँडल पुढे करतो कारण त्याची किंमत जास्त असते, असे मी म्हणणार नाही. पण आपण किती काळ यंत्र चालवले आहे हे विचारून मगच ते विकणारा दुकानदार मला क्वचितच भेटला आहे.

बारबाबत एकच सांगतो: चढाईच्या यंत्राला १२ इंचांचा बार लावावा, फार तर १४ इंचांचा. कोल्हापुरात आपण झाडाचा घेर सुतळीने मोजतो. त्या आकड्याला ३.१४ ने भागले की व्यास मिळतो. ९० सेंटीमीटर घेराची फांदी सुमारे २९ सेंटीमीटर जाडीची, म्हणजे १२ इंचांच्या बारमध्ये बसणारी असते. त्याहून जाड भाग दोन बाजूंनी कापता येतो. लहान बारचा आणखी एक फायदा सहसा कोणी सांगत नाही. तो आपल्याला लहान तुकडे करायला भाग पाडतो. ओल्या लाकडाचे वजन ढोबळमानाने घनमीटरला एक टन धरले, तर ४० सेंटीमीटर व्यासाचा आणि एक मीटर लांबीचा ओंडका सव्वाशे किलोच्या घरात जातो. असा ओंडका दोरावर सोडताना झटका बसला की दोरावर आणि वरच्या कप्पीवर त्याच्या कित्येक पट ताण येतो, आणि हा सारा ताण ज्या खोडावर येतो त्याच खोडावर आपण बसलेले असतो. मोठे यंत्र वर नेणाऱ्याला मोठा तुकडा तोडण्याचा मोह होतोच.

बॅटरीच्या यंत्रांविषयी पाच-सात वर्षांपूर्वी माझे मत फारसे चांगले नव्हते, ते आता बदलले आहे. झाडावर प्रत्येक कापानंतर यंत्र बंद करून कमरेला टांगायचे आणि पुढच्या फांदीवर गेल्यावर पुन्हा दोरी ओढून चालू करायचे, यात जेवढी दमछाक होते तेवढी कापण्यात होत नाही. बॅटरीच्या यंत्रात खटका दाबला की चेन फिरते आणि सोडला की थांबते. धूर नाही, आणि आवाज इतका कमी की खाली दोर धरलेल्या माणसाशी बोलता येते. त्याची हाक ऐकू येणे हे सुरक्षेचे मोठे साधन आहे. स्टीलचे एमएसए २२० टी किंवा हुस्कवार्नाचे टी५४० आय एक्सपी यांसारखी व्यावसायिक यंत्रे चढाईच्या कामात पेट्रोलच्या यंत्रांच्या तोडीला आली आहेत. अडचण आहे ती बॅटऱ्यांच्या खर्चाची. दिवस भागवायला दोन-तीन बॅटऱ्या आणि वेगवान चार्जर लागतो, आणि त्यांची किंमत यंत्राच्या किमतीला जाऊन भिडते. वळवाच्या पावसात रात्रभर वीज गेलेली असते आणि नेमकी दुसऱ्या दिवशी सकाळी पडलेल्या झाडांची कामे येतात, हेही आपल्या भागात लक्षात घ्यावे लागते. म्हणून शहरातील छाटणी हे मुख्य काम असेल तर बॅटरी, आणि गगनबावडा, शाहूवाडी किंवा राधानगरीकडची कामे असतील तर पेट्रोल, असे मी ठरवीन. ऑनलाइन मिळणारी चार-सहा इंच बारची खेळण्यासारखी बॅटरी करवत मात्र या हिशोबात धरू नये. मनगटाएवढ्या फांदीपलीकडे ती जात नाही, आणि अशा अनेक करवतींना चेनब्रेक नसतो.

जमिनीवरच्या यंत्राबद्दल फार सांगण्यासारखे नाही. ५० सीसीचे, १६ ते १८ इंच बारचे चांगले यंत्र गुलमोहर, सुबाभूळ, निलगिरी, नारळ अशा बहुतेक खोडांना पुरते. ताराबाई पार्क किंवा नागाळा पार्कातल्यासारखे जुने वर्षावृक्ष, वड आणि चिंचा यांच्या बुंध्यासाठी ७० सीसीच्या पुढचे यंत्र आणि २० ते २५ इंचांचा बार लागतो. पण अशी कामे वर्षात मोजकीच येतात आणि त्यासाठी यंत्र विकत घेण्यापेक्षा ते असलेल्या माणसाला बुंध्यापुरते बोलावणे परवडते.

यंत्राइतकाच विचार चेनचा करावा, आणि इथे आपल्याकडच्या लाकडाचा स्वभाव पाहावा लागतो. दातांचे कोपरे तीक्ष्ण चौकोनी असलेली चेन स्वच्छ, ओल्या लाकडात वेगाने धावते, पण धूळ लागली की लगेच बोथट होते. कोपरा किंचित गोलसर असलेली चेन थोडी हळू कापते, परंतु धार धरून ठेवते. बाभूळ आणि चिंचेचा कठीण गाभा, रस्त्याकडेच्या झाडांच्या सालीत साठलेली धूळ, आणि शहरातील खोडांत जाहिरातींचे फलक लावण्यासाठी ठोकलेले खिळे पाहता मी गोलसर कोपऱ्याचीच चेन सुचवीन. नारळ दिसायला मऊ असला तरी त्याच्या तंतूंत सिलिका असते आणि चेन पाहता पाहता बोथट होते. शिवाय नारळाला इतर झाडांसारखे लाकडाचे वलय नसते, त्यामुळे पाडताना खाच आणि मागचा काप यांच्यामध्ये राखलेला बिजागरीचा पट्टा भरवशाने धरत नाही. म्हणून वस्तीतला नारळ वरून तुकड्यातुकड्याने उतरवणेच बरे. वड, पिंपळ, उंबर यांचा चीक बारच्या खाचेत आणि स्प्रॉकेटवर (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकावर) घट्ट बसतो. काम संपल्यावर त्याच दिवशी झाकण उघडून साफ केले नाही तर दुसऱ्या दिवशी तेल पुढे जात नाही. गुलमोहर कापायला सोपा, पण आतून पोकळ असण्याची शक्यता मोठी, म्हणून त्याच्यावर चढण्यापूर्वी बुंध्यावर हातोडी मारून आवाज ऐकावा. निलगिरीच्या ताणलेल्या, कललेल्या खोडाला मागून सरळ काप घेतला तर ते उभे चिरत वर जाते आणि मागचा भाग कापणाऱ्यावर येतो.

चेन विकत घेताना फक्त इंच सांगून चालत नाही. पिच (चेनच्या दुव्यांमधले अंतर), गेज (बारच्या खाचेत बसणाऱ्या दुव्यांची जाडी) आणि ड्राइव्ह लिंकची, म्हणजे खाचेत बसणाऱ्या त्या दुव्यांची संख्या या तिन्ही गोष्टी जुळाव्या लागतात, आणि त्या बहुधा बारच्या मागच्या टोकाजवळ कोरलेल्या असतात. चढाईच्या यंत्रांना बहुधा तीन-अष्टमांश इंच पिचची, कमी उंचीची चेन येते. स्टील कंपनीच्या अशा १४ इंचांच्या बारला ५० आणि १२ इंचांच्या बारला ४४ ड्राइव्ह लिंक लागतात. या चेनला ४ मिलिमीटरची गोल कानस चालते, ०.३२५ इंच पिचला ४.८ मिलिमीटरची. मोटारपंपाच्या दुकानात ग्राइंडरवर धार लावून घेण्याची आपल्याकडे सवय आहे, पण त्यात दाताचा रंग निळसर झाला तर पोलाद मऊ पडलेले असते. पेट्रोल भरताना दर वेळी प्रत्येक दाताला कानशीचे दोन-तीन हात मारणे पुरेसे असते. दातापुढचा छोटा उंचवटा दातापेक्षा सुमारे ०.६५ मिलिमीटर खाली राहील, एवढेच अधूनमधून तपासावे. भुसा पिठासारखा बारीक पडू लागला की चेन बोथट झाली असे समजावे.

इंधनाच्या बाबतीत आता एक नवी काळजी आली आहे. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. ते हवेतील ओलावा ओढून घेते, आणि पावसाळ्यात टाकीत महिनाभर राहिलेले मिश्रण यंत्राच्या रबरी नळ्यांना व कार्ब्युरेटरच्या पडद्यांना बाधते. आपल्या यंत्राच्या पुस्तिकेत किती टक्के इथेनॉल चालते हे खरेदीपूर्वी पाहावे. मिश्रण लागेल तेवढेच करावे, चांगल्या टू-स्ट्रोक ऑइलचे प्रमाण लिटरला २० मिलिलिटर ठेवावे, आणि यंत्र ठेवून द्यायचे असेल तर टाकी रिकामी करून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे. चेनसाठी गॅरेजमधले जळके ऑइल वापरण्याची पद्धत तर बंदच करावी. त्यातील धातूचा बारीक कीस ऑइलपंप खातो, आणि चेनवरून उडणारे ते ऑइल कापणाऱ्याच्या अंगावर व श्वासात जाते.

आपण आपला खर्चाचा आकडा फक्त यंत्रासाठी धरलेला दिसतो. त्यातील मोठा वाटा मी आधी बाजूला काढीन. हनुवटीला पट्टा असलेले हेल्मेट आणि जाळी, कानाचे संरक्षण, चढाईचा हार्नेस (अंगाला बांधायचे पट्टे), मुख्य दोर, आणि आत पोलादी तार असलेला कमरेचा दोर ही साधने यंत्राआधी घ्यावीत. कापताना दोन स्वतंत्र ठिकाणी बांधलेले असणे आवश्यक आहे, कारण चेन साध्या दोराला टेकली तर तो क्षणात तुटतो. चेनसॉसाठीच्या पँटमध्ये लांब धाग्यांचे थर असतात. ते चेनमध्ये गुंतून ती थांबवतात. त्यातील पहिल्या वर्गाची पँट सेकंदाला २० मीटर वेगाच्या चेनसाठी तपासलेली असते. चढणाऱ्याने पायाला सर्व बाजूंनी संरक्षण देणारा प्रकार घ्यावा, कारण झाडावर पाय कोणत्या बाजूला असेल हे सांगता येत नाही. यंत्र टांगण्याचा पट्टा ठरावीक ताणाला सुटणारा असावा, म्हणजे बार फांदीत अडकून फांदी खाली गेली तर ती यंत्र घेऊन जाईल, आपल्याला घेऊन जाणार नाही.

खरेदी कुठून करावी, याला माझे उत्तर असे की ज्या कंपनीचा क्लच, ऑइलपंप, स्प्रॉकेट आणि एअर फिल्टर कोल्हापुरात किंवा फार तर सांगलीत त्याच आठवड्यात मिळतो, तिचे यंत्र घ्यावे. उद्यमनगरात काहीही बनवून मिळते हा आपल्या गावाचा मोठेपणा खरा आहे. बारच्या कडा घासून सरळ करणे किंवा खोडात ठोकायच्या अॅल्युमिनियमच्या पाचरी बनवणे यासाठी तिथल्या लेथवाल्याकडे जरूर जावे. चेनब्रेकची पट्टी, क्लच आणि चेन तुटल्यास ती अडवणारा हूक हे भाग मात्र मूळ कंपनीचेच लावावेत. पोलादी पाचर कधीही बनवून घेऊ नये, कारण चेन तिला लागली की दात उडतात.

काम घेताना परवानगीचा कागद मालकाकडून आधी पाहावा. शहरात महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू होतो आणि परवानगी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडून घ्यावी लागते. २०२१ च्या सुधारणेनंतर ५० वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारसावृक्ष म्हणून वेगळे संरक्षण आहे. ग्रामीण भागात १९६४ चा वृक्षतोडीविषयीचा कायदा पाहावा लागतो. फांद्या विजेच्या तारांजवळ असतील तर महावितरणकडून पुरवठा बंद झाल्याची खात्री होईपर्यंत चढू नये. ओली फांदी तारेला लागली की हार्नेसचा काही उपयोग नसतो.

जुने यंत्र घ्यायचा विचार असेल तर ते थंड असताना पाहायला जावे, कारण आधीच तापवून ठेवलेले यंत्र कसेही असले तरी चालू होते. दोरी हळू ओढून दाबाचा विरोध जाणवतो का ते पाहावे, सायलेन्सर काढून पिस्टनवर उभ्या ओरखड्यांच्या रेषा आहेत का ते टॉर्चने बघावे, आणि यंत्र चालू करून मंद गतीवर चेन स्थिर राहते का हे पाहावे. त्यानंतर वेग वाढवून चेनब्रेक पुढे ढकलावा. चेन तत्क्षणी थांबली नाही, तर किंमत कितीही उतरवली तरी ते यंत्र घेऊ नये.